टोइंगचं बिल आणि मागचे चार टायर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मागच्या आठवड्यात एका वाचकाचं टोइंगच्या दरांबद्दलचं पत्र आलं होतं. किणी टोलनाक्याजवळ त्यांचा मालट्रक बंद पडला. तो गोकुळ शिरगावच्या गॅरेजला आणायला क्रेनवाल्यानं भरमसाट पैसे घेतले, वर ‘आधी माल उतरवा, मगच गाडी उचलतो’ म्हणून दोन तास अडवून धरलं, असा त्यांचा राग. पत्रात हिशोबही मांडला होता: अंतर तीसेक किलोमीटर, त्याचं डिझेल एवढं, ड्रायव्हर-क्लीनरची हजेरी एवढी, बाकी सगळा नफा. ती क्रेन आमची नव्हती, त्यामुळं त्या माणसाची वकिली मी करणार नाही. पण त्या हिशोबात टायरचा खर्च कुठंच नव्हता, आणि माल उतरवायला लावण्यामागंही बहुतेक टायरच होते. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट आपल्या मर्जीनं करावी. फक्त आकडे कापू नयेत ही विनंती.

आमचा टोइंगचा धंदा शिरोलीत आहे. ट्रक-बस उचलायला मागं बूम (उचलायचा दांडा) आणि अंडरलिफ्ट (चाकांखाली घालून उचलायचा पंजा) असलेली एक मोठी गाडी, आणि मोटारी पाठीवर घ्यायला एक लहान फ्लॅटबेड. मालक गाडीवर असतात, मी वहीवर. बी.कॉम. झालेली बाई क्रेनच्या धंद्यात काय करते, असं माहेरी अजून विचारतात. टायरची वही लिहिते. टायरचा नंबर, कोणत्या तारखेला कुठल्या जागी चढवला, तेव्हा मीटर किती होतं, जागा कधी बदलली, कधी उतरवला आणि कशानं: झिजून, फुगा येऊन, कट लागून की फुटून. सुरुवातीला ड्रायव्हर हसायचे. “वैनी, टायरची पन कुंडली मांडता व्हय?” आता कुठला टायर कधी चढवला यावर वाद झाला की तेच वही मागायला येतात.

साध्या मालट्रकचा रेडियल टायर, रस्ता बरा असेल आणि हवा नीट ठेवली तर, लाखभर किलोमीटर काढतो असं ट्रान्स्पोर्टवाले सांगतात. ट्रान्स्पोर्टवाल्यांच्या आकड्यातून थोडं वजा करून घ्यायची मला सवय आहे, तरी ऐंशी हजार धरू. आमच्या मोठ्या गाडीचे मागचे टायर चाळीस हजारांच्या अलीकडं-पलीकडं उतरतात. पुढचे त्याहून जास्त जातात, पण सरळ झिजत नाहीत. ते पुढं सांगते. आणि ही गाडी मालट्रकसारखी रोज चारशे-पाचशे किलोमीटर धावत नाही. कधी दिवसभर दारात उभी असते, कधी रात्रीतून दोनदा घाट उतरते. बघणाऱ्याला वाटतं, गाडी तर सारखी उभीच दिसते, हिचे टायर कशाला झिजतील?

ते का झिजतात ते शाळेतल्या तरफेच्या धड्यात आहे. बंद पडलेल्या ट्रकची पुढची चाकं आम्ही उचलतो आणि मागच्या चाकांवर तो ओढत आणतो. समजा दोन धुऱ्यांचा (ॲक्सलचा) रिकामा ट्रक आहे आणि त्याच्या पुढच्या धुऱ्यावर तीन टन वजन आहे. ते तीन टन आमच्या गाडीच्या मधोमध येत नाहीत. मागच्या धुऱ्याच्याही मागं, शेपटाला लटकतात. आमच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये अंतर साधारण ४.२ मीटर, आणि उचलायची जागा मागच्या धुऱ्यापासून २.५ मीटर मागं. तीन टनांना २.५ नं गुणा, ४.२ नं भागा, १.८ टन येतात. तेवढं वजन आमच्या पुढच्या चाकांवरून उठतं आणि मागच्या चाकांवर जाऊन बसतं. म्हणजे उचलले तीन टन, पण मागच्या चार टायरांवर वाढले ४.८ टन.

बरं, ही गाडी मुळात कधी रिकामी नसतेच. मालट्रक माल टाकून परत येताना हलका असतो, टायरांना तेवढाच विसावा. आमचं बूम, विंच (तारदोर ओढायचं यंत्र), साखळदंड, जॅक, लाकडी ठोकळे, सगळं बारा महिने पाठीवर. रिकामी गाडी वजनकाट्यावर घेतली तरी मागच्या धुऱ्यावर सहा टनांच्या आसपास भरतात. त्यात ४.८ मिळवा: १०.८ टन.

आता टायरवर काय लिहिलंय ते बघा. १०.०० आर २० मापाच्या, सोळा प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या ताकदीचं माप) टायरच्या बाजूवर बहुधा १४६/१४३ असे आकडे असतात. १४६ म्हणजे टायर एकटा असेल तर त्यानं ३,००० किलो पेलायचे; १४३ म्हणजे जोडीत असेल तर प्रत्येकी २,७२५ किलो. जोडीतला आकडा कमी, कारण दोन टायर वजन कधीच अगदी निम्मं-निम्मं वाटून घेत नाहीत. मागचे चार टायर गुणिले २,७२५, म्हणजे १०,९०० किलो. थोडक्यात, रिकामा ट्रक उचलला की आमचे मागचे चारही टायर काठोकाठ भरले. एका टायरात हवा पंधरा-वीस पौंड कमी असेल तर तो काठ ओलांडूनच रस्त्याला लागला.

पत्रलेखकांचा ट्रक मालानं भरलेला होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं धुऱ्यावरच्या वजनाची मर्यादा वाढवली. पुढच्या दोन टायरांच्या धुऱ्याला सहाऐवजी सात टन, मागच्या चार टायरांच्या धुऱ्याला १०.२ ऐवजी ११.५ टन. म्हणजे कायद्यात बसेल एवढाच माल भरला असला तरी त्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर सात टन असू शकतात. (कायद्यात बसेल एवढाच माल भरलेला ट्रक आपल्याकडं किती दिसतो, हा प्रश्न वेगळा.) तोच गुणाकार करा. आमच्या पुढच्या चाकांवरून जवळजवळ ४.२ टन उठतील, आणि तिथं मुळात साडेचार आहेत. स्टिअरिंग फिरवलं तरी चाक रस्ता धरणार नाही, गाडी आपली सरळच जाईल. मागच्या धुऱ्यावर ११.२ टन वाढतील, आधीचे सहा धरून सतरा टनांच्या वर. टायर पेलणार १०,९०० किलो, कायदा देणार ११.५ टन. अशी गाडी किणीपासून गोकुळ शिरगावपर्यंत आणायची म्हणजे सांगली फाटा, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेलची गर्दी, सगळं पार करून. त्या क्रेनवाल्यानं माल उतरवायला लावला हे त्याच्या फायद्याचं नव्हतं. दोन तास त्याचाही खोळंबा झालाच.

दहा टायरांच्या, तीन धुऱ्यांच्या मोठ्या रिकव्हरी गाड्या असतात, त्या भरलेला ट्रक उचलतात. त्यांचा दर वेगळा, आणि त्या हाकेला लगेच मिळतीलच असं नाही.

पुढच्या टायरांचं म्हणाल तर त्यांना वजनच पुरत नाही. मागं काही लटकवलं की पुढचं चाक अर्धवट हलकं होतं, रस्त्यावर टेकत-उसळत जातं, आणि नक्षी एका ठिकाणी खोल तर एका ठिकाणी उथळ झिजते. हात फिरवला तर उंचसखल लागतं. त्यात जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणं. बंद पडलेली गाडी कधी सोयीच्या जागी बंद पडत नाही; तिच्या पुढ्यात आपली शेपूट बरोबर न्यायची तर चार वेळा मागं-पुढं करावं लागतं, आणि पॉवर स्टिअरिंग आल्यापासून पोरं उभ्या गाडीचं चाक करकरा फिरवतात. मालक ओरडतात, “गाडी हलू दे की मग फिरीव!” पुढचा टायर अशा एका-एका जागी रस्त्यावर काळा डाग सोडून येतो. तो डाग वहीत कुठल्या किलोमीटरला लिहायचा?

घाटाचं वेगळंच. आम्हाला कोकणाकडं उतरणारे सगळे रस्ते येतात: गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा, मलकापूरच्या पुढचा आंबा, राधानगरी-दाजीपूरहून फोंडा, आजऱ्यावरून आंबोली. नागमोडी वळणावर मागच्या जोडचाकांपैकी आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगानं फिरतात, पण त्यांना कापायचं अंतर वेगळं असतं. मग एक चाक थोडं घासत जातं. रिकाम्या गाडीला त्याचं फारसं काही नाही. मागं ट्रक लटकत असेल तर तो वळणावर आमच्या गाडीची शेपूट बाहेर ढकलतो आणि टायर आडवे घासतात. खांदा झिजतो, मधली नक्षी तशीच राहते. उतारावर त्याहून वाईट. ओढून आणलेल्या गाडीचं इंजिन बंद, म्हणजे तिच्या ब्रेकला हवा नाही. आमच्या गाडीतून नळी जोडून तिला हवा देता आली तर ठीक. तिचीच हवेची लाइन तुटली असेल तर तिचे ब्रेक जॅम होऊन बसतात, ते मोकळे करावे लागतात, आणि मग दोन्ही गाड्यांचं ब्रेकिंग एकट्या आमच्या चाकांवर. करूळ उतरून खाली वैभववाडीकडं थांबलं की मागच्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेववत नाही. ती उष्णता चाकाच्या लोखंडी डिस्कमधून टायरच्या कडेला जाते. रबर वरून झिजतं ते दिसतं. आतून शिजतं ते दिसत नाही, ते नंतर फुगा म्हणून बाहेर येतं.

फुगा आलेला टायर आम्ही त्याच दिवशी उतरवतो, नक्षी कितीही असो. यावरून घरात भांडणं झालीत. एक टायर वीस हजारांच्या पुढं जातो. २०२५ च्या सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. अर्धी नक्षी शिल्लक असलेला टायर भंगारात टाकताना माझाही जीव खालीवर होतोच की.

विंचनं ओढण्याचं कोणी धरतच नाही. ऊस भरलेली ट्रॉली रस्ता सोडून चरीत गेली की आम्हाला बोलावतात. गाडीला ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून विंच चालवायची असते. पण ओल्या मातीत ठोकळेच घसरतात, मग ड्रायव्हर गाडी पुढं घालून ओढायला जातो, मागची चाकं जागेवर गरगरतात, आणि दहा मिनिटांत जेवढं रबर जातं तेवढं बेळगावला जाऊन-येऊन जात नाही. मीटर तेवढ्यात एक किलोमीटरही पुढं सरकत नाही.

कोल्हापूरच्या भोवतालचे रस्ते टायरवाल्यांना पोसणारेच आहेत. सातारा ते कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून सेवा रस्ते, वळवलेले रस्ते, उघडी खडी, सळईचे तुकडे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या. आपल्या गावाची शान आहे ती, पण तिथल्या रस्त्यावर बिडाचे तुकडे आणि लोखंडाचा कीस पडलेला असतो. जोडचाकांच्या मध्ये खडा अडकला तर दोन्ही टायरांच्या आतल्या बाजू कापत बसतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पावसाळ्यात तर आणखी. ओलं रबर कोरड्यापेक्षा लवकर कापलं जातं, त्यामुळं गगनबावड्याकडच्या पावसात जो दगड टायराला शिवतो तो आत शिरतोच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. पाणी ओसरल्यावर गाळातून मोटारी उचलताना टायर झिजले नाहीत, पण पाण्याखालचे खड्डे दिसत नव्हते, आणि बाजूला कट लागून टायर गेले. बाजूचा कट वल्कनायझिंगवाला जोडून देतो म्हणतो. देतो खरा. टोइंगच्या गाडीला असला टायर मी लावू देत नाही.

हवेबद्दल मी कडक आहे. आपल्याकडं ड्रायव्हर टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन टायरवर ठोकतात आणि आवाजावरून हवा सांगतात. पूर्ण बसलेला टायर त्यानं कळतो. १२० पौंड हवी तिथं ९५ आहे, हे कुणाच्या कानाला कळत असेल तर त्यानं गाणं शिकवावं. आणि आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह शोधायला वाकायचा कंटाळा, त्यामुळं आतला टायर महिना-महिना कमी हवेवर चालतो आणि त्याचं वजन बाहेरचा ओढतो. हवा कमी असलेला टायर चालताना बाजूला जास्त वाकतो, वाकून तापतो. दुपारी तापलेल्या टायरात हवा जास्त दिसते म्हणून काही जण ती सोडून देतात. रात्री टायर थंड झाला की ती कमी पडते. आमच्याकडं सकाळी गाडी निघायच्या आधी गेज लावायचं, सगळ्या चाकांना, स्टेपनीलाही. एका ड्रायव्हरनं एवढ्यावरून काम सोडलं. दुसऱ्यानं सवय लावून घेतली.

झिजण्याआधीच म्हातारे होणारे टायर हा आमच्या धंद्याचा खास भाग आहे, आणि तो लोकांना पटत नाही. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आमचा लहान फ्लॅटबेड जवळपासच्या कामाला असतो, दारात उन्हात जास्त. त्याची नक्षी छान शिल्लक राहते, पण चार-पाच वर्षांत बाजूला बारीक भेगा दिसायला लागतात. काही मोठ्या टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी असो-नसो, बदला. आमचे तेवढे टिकतच नाहीत, तो भाग सोडा. पण दुकानदार स्वस्तात टायर देतो म्हणाला की आधी ते चार आकडे बघायचे, मग चहा घ्यायचा.

फ्लॅटबेडवर मोटार पूर्ण पाठीवर येते. वजन दोन धुऱ्यांच्या दरम्यान आणि मागच्या धुऱ्यावर बसतं, शेपटाला लटकत नाही. त्यामुळं त्याच्या टायरांना तरफेचा मार नाही. पण तिथंही आता मोटारीच वजनदार झाल्यात. मोठी एसयूव्ही दोन टनांच्या वर जाते. त्यात इलेक्ट्रिक गाड्या. बॅटरीमुळं त्या त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोनेकशे किलो सहज जड असतात, आणि मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर टेकवून ओढायच्या नसतात, कारण चाक फिरलं की मोटर फिरते. म्हणजे त्या फ्लॅटबेडवरच घ्यायला हव्यात. पूर्वी जी लहान गाडी दोरीनं टोचन करून नेली जायची, ती आता पाठीवर चढते.

रिमोल्डबद्दल, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवण्याबद्दल, दोन शब्द. महामार्गावर रबराच्या लांब पट्ट्या पडलेल्या दिसतात आणि लोक म्हणतात, रिमोल्डचा टायर फाटला. कमी हवेवर आणि जास्त वजनावर चालवला तर नवा टायरही तसाच पट्ट्या सोडतो. चांगल्या रेडियलच्या ढाच्यावर नीट केलेलं कोल्ड रिमोल्ड वाईट नसतं. मालट्रकवाले, बसवाले मागं सर्रास वापरतात. मात्र स्टिअरिंगला कोणी शहाणा घालत नाही. आम्ही मोठ्या गाडीला मागंही घालत नाही, कारण आमचे टायर घाटात तापून कसे जातात ते मला वहीवरून माहीत आहे.

आता दराकडं येते.

एका मदत-सेवा कंपनीचं काम आम्ही काही काळ केलं. नाव लिहीत नाही. त्यांचा दर पहिल्या ठरावीक किलोमीटरला ठोक, पुढं किलोमीटरमागं एवढे रुपये, तेही फक्त भरलेल्या फेरीचे. गाडी किती वजनाची, सपाटीवर आहे की फोंड्याच्या वळणावर, चरीत पडलीय की रस्त्यावर उभी आहे, यातला एकही प्रश्न त्यांच्या फॉर्मवर नव्हता. मी फोनवर विचारलं, तर पलीकडची मुलगी बिचारी म्हणाली, “मॅडम, सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही.” वहीतले आकडे घेऊन मी हिशोबाला बसले. किलोमीटरला डिझेल, मजुरी, हप्ता, विमा हे कसंबसं बसत होतं. मागचे टायर वजनानं झिजत होते आणि त्या वजनाचे पैसे कोणीच देत नव्हतं. ते काम आम्ही सोडलं.

आम्ही सोडलं तरी ते काम होतंच. कोण करतं? ज्याला टायरचा खर्च नको असतो तो. बसचे, ट्रकचे उतरलेले टायर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, ते मागं लावायचे आणि तार दिसेपर्यंत ओढायचे. नियमात ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचेत तेवढ्या उंचीच्या रबराच्या छोट्या पट्ट्या असतातच, नक्षी त्या पट्टीला टेकली की टायर संपला. आम्ही तीन मिलिमीटरला उतरवतो, कारण पावसात आंबा घाट उतरायचा असतो. आमच्याच धंद्यातले काही जण पासिंगच्या दिवशी दुसऱ्या गाडीचे टायर काढून लावतात आणि दुसऱ्या दिवशी गोटे (नक्षी गेलेले गुळगुळीत टायर) परत चढवतात. हे मी आमच्या माणसांविरुद्ध लिहितेय, मला ठाऊक आहे. पण पत्रलेखकांना स्वस्तातला क्रेनवाला हवा असेल तर तो कसा स्वस्त होतो, तेही त्यांना कळायला हवं. ज्यांना माझं खोटं वाटत असेल त्यांनी पुढच्या वेळी टोइंगची गाडी आली की पैसे ठरवण्याआधी मागच्या चाकांजवळ जाऊन एकदा वाकून बघावं.

लुबाडणारे आमच्यात नाहीत असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता बायका-पोरं गाडीत असताना अव्वाच्या सव्वा मागणारे आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई व्हावी. दर ठरवून फलकावर लावा, अशी मागणी पत्रलेखकांनी केलीय, ती मला मान्य आहे. फक्त तो दर नुसत्या किलोमीटरवर ठरवू नका. उचलायचं वजन, घाट की सपाटी, आणि ओढून बाहेर काढायची असेल तर त्याचा वेळ, या तीन गोष्टी त्यात नसतील तर फलकावरच्या दरात काम करायला फक्त गोट्या टायरवाले उरतील.

दिवाळीनंतर ऊसतोड रंगात येईल आणि आमचे फोन रात्रीचे वाजायला लागतील. तेव्हा बोलावणाऱ्यांनी फोनवर एवढं सांगावं: गाडी भरलेली आहे की रिकामी, भरली असेल तर कशानं आणि अंदाजे किती टन, चाकं फिरतात की जॅम आहेत, ब्रेकला हवा चढते का, गाडी डांबरावर आहे की साइडपट्टी सोडून खाली गेलीय. “या लवकर, पुढचं बघू मग” असं म्हटलं की आम्ही येतो आणि अंधारात कळतं की वीस टन ऊस आहे. मग ट्रॅक्टर बोलवा, मजूर जमवा, मोळ्या दुसऱ्या गाडीत भरा. तोवर मागं किणीपर्यंत रांग.

आमच्या बिलावर या हंगामापासून मी दोन वेगळ्या ओळी घालणार आहे. एक अंतराची, दुसरी वजनाची. ज्यांना दुसरी ओळ पटणार नाही त्यांनी विचारावं, मी गुणाकार करून दाखवीन. वर लिहिलाय तोच आहे.

आपली,
एक वाचक
शिरोली (पुलाची), ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर
(धंद्यातल्या लोकांशी रोजचा संबंध असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)